कामावर परतणे हाही उपचारच



या अधिवेशनाचे अध्यक्षपद दिल्याबद्दल आपले मनापासून आभार. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले. माणसाला त्याच्या रोजच्या कामापर्यंत परत नेणे हे तेव्हापासून या विद्येचे ध्येय आहे. त्या ध्येयात आपण जिथे कमी पडतो असा एक विषय आज मांडतो आहे: मेंदूतील रक्तस्रावातून वाचलेल्यांचा न सरणारा थकवा आणि त्यांचे कामावर परतणे. माझे म्हणणे थोडक्यात असे. रुजू होण्याच्या दिवशी उपचार संपले असे आपण मानतो. वास्तविक रुजू होणे हा उपचाराचाच एक टप्पा आहे आणि औषधासारखी त्याचीही मात्रा ठरवून, लिहून दिली पाहिजे.

सबअरॅक्नॉइड रक्तस्रावाचेच उदाहरण घेऊ. मेंदूच्या धमनीवर आलेला फुगा फुटतो आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते. एकूण पक्षाघातांत याचा वाटा सुमारे ५ टक्के. पण तो गाठतो तो बहुधा पन्नाशीच्या आसपास, म्हणजे संसाराचा आणि नोकरीचा भार पुरता खांद्यावर असताना. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. क्लिप किंवा कॉइल बसवून फुगा बंद होतो, निमोडिपिन या औषधाचा २१ दिवसांचा क्रम पुरा होतो आणि रुग्ण घरी येतो. हातपाय चालतात, बोलणे स्पष्ट असते, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता अगदी ठणठणीत’ असा निर्वाळा देऊन जातो. रुग्ण मात्र सांगत असतो की दुपारनंतर काही सुचत नाही, दोन माणसे एकदम बोलू लागली की डोके जड होते, साधा हिशेब केला तरी गळून जायला होते. हा थकवा कामाच्या मानाने फार मोठा असतो आणि रात्रभर झोपूनही उतरत नाही. या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात थकव्याचे प्रमाण ३१ ते ९० टक्के आढळले. अभ्यासांच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने आकड्यांत एवढी तफावत आहे. पण सर्वांत लहान आकडा धरला तरी जवळपास तिघांत एक जण थकव्याने ग्रासलेला आहे.

मग आपल्या नोंदींत तो का दिसत नाही? कारण आपली मोजपट्टीच त्याच्यासाठी केलेली नाही. ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ साली मांडलेली आणि पुढे सुधारलेली श्रेणी आज जगभर वापरली जाते. ० म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि ६ म्हणजे मृत्यू. पुष्कळ संशोधनांत ० ते २ या श्रेणी ‘चांगला परिणाम’ म्हणून एकत्र मोजल्या जातात. पण श्रेणी २ चा अर्थ असा, की ही व्यक्ती स्वतःचे स्वतः पाहू शकते, मात्र पूर्वीची सगळी कामे करू शकत नाही. म्हणजे जिची नोकरी सुटली अशी व्यक्तीही आपल्या तक्त्यात यशस्वी ठरते. रँकिन श्रेणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. जीव वाचला का आणि परावलंबन किती, हे ती नेमके सांगते. आठ तासांची पाळी निभावेल का, हे तिला विचारणेच चुकीचे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे नैराश्य आहे, आणि काही जण तर त्याला सरळ आळस म्हणतात. नैराश्य सोबत असू शकते आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत. पण दोन्ही एकच नाहीत. ब्रिटनमधील ‘फोकस’ या चाचणीत पक्षाघाताच्या ३ हजारांहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळी दिली गेली. २०१९ साली निष्कर्ष आले: औषध घेणाऱ्यांत नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण कमी झाले, पण अंगातल्या उत्साहात दोन गटांत फरक पडला नाही. थकवा हे नुसते नैराश्याचे दुसरे रूप असते, तर एक हटल्यावर दुसराही हटायला हवा होता. म्हणून आधी रक्तक्षय, थायरॉइड, पियुषिका ग्रंथीचा बिघाड, झोपेत श्वास अडकणे, फिट्सच्या औषधांचा परिणाम ही सुधारता येण्याजोगी कारणे शोधावीत. आणि त्यानंतरही जो थकवा उरेल तो खरा मानून पुढची आखणी करावी.

दुसरा आक्षेप म्हणजे जे यंत्रात दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा, आणि सवलतीचा गैरफायदा घेतला गेला तर काय. वेदनाही यंत्रात दिसत नाही, तरी आपण ती विचारून नोंदवतो. थकव्यासाठी नऊ विधानांची, प्रत्येकाला १ ते ७ गुण देणारी प्रश्नावली १९८९ पासून उपलब्ध आहे आणि ती भरायला काही मिनिटे पुरतात. राहिला गैरफायदा. नोकरी जाईल या भीतीने थकवा लपवणाऱ्यांचाही विचार करा. अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिला २०११ च्या फेब्रुवारीत असाच रक्तस्राव झाला. ती लवकरच चित्रीकरणावर परतली आणि त्या काळातल्या हालांविषयी तिने जाहीरपणे लिहिले ते २०१९ मध्ये. जगाला पडद्यावर दिसले ते फक्त परतणे. ‘अमुक तर महिन्याभरात कामावर आला’ हा दाखला कुणी दिला, तर तो कसा आला आणि घरी गेल्यावर त्याचे काय होत होते, हे आपण विचारले पाहिजे.

आपल्याकडे कामावर परतण्याचा परवाना म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, आणि त्याला दोनच उत्तरे ठाऊक आहेत: पात्र किंवा अपात्र. ब्रिटनने २०१० साली यात तिसरे उत्तर आणले. रुग्ण काही अटींवर काम करू शकेल, असे डॉक्टर तिथे लिहू शकतात. कमी तास, बदललेले काम, टप्प्याटप्प्याने परतणे. २०२२ पासून ऑक्युपेशनल थेरपिस्टनाही असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला. स्वीडनमध्ये आजारपणाचा भत्ता पाव, अर्धा, पाऊण वा पूर्ण दिवसासाठी मिळतो. आपला राज्य कामगार विमा एरवी मोलाचा आधार आहे. पण त्याचा आजारपणाचा लाभ, वर्षाला ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के, कामावर गैरहजर असलेल्या दिवसांसाठी असतो. अर्धा दिवस झेपणाऱ्या कामगारापुढे मग दोनच वाटा उरतात: घरी बसणे, नाहीतर पूर्ण पाळी ओढणे.

मालकांना हे परवडेल का, हा प्रश्न रास्त आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. योग्य तो बदल करून द्यावा, पण तो अवाजवी भार ठरू नये, अशी त्यातली व्याख्या आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढू नये वा खालच्या पदावर ढकलू नये, असे बंधन त्याच कायद्याने सरकारी आस्थापनांवर घातले आहे. सकाळची पाळी, मध्ये विसाव्याची वेळ, गोंगाटापासून दूरची जागा यांचा खर्च अनुभवी माणूस गमावण्यापेक्षा जास्त नाही. कायद्याची पोहोच जिथे संपते तिथला प्रश्न अधिक अवघड आहे. रोजंदारीवरच्या मजुराला प्रमाणपत्र कुणी मागत नाही. घरी परतलेल्या बाईला तर रुजू होण्याची तारीखच नसते. दुसऱ्या दिवशी ओटा तिची वाट पाहत असतो. तिच्यासाठी मात्रा ठरवायची तर कुटुंबाला समोर बसवून कामांची वाटणी करावी लागेल, आणि ते कामही आपलेच आहे.

म्हणून या सभागृहाला माझी तीन गोष्टींची विनंती आहे. रक्तस्रावातून वाचलेल्या प्रत्येकाला दर भेटीत थकव्याविषयी विचारा आणि उत्तर केस पेपरवर लिहा. ‘फिट’ एवढाच शब्द लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तास, विश्रांती, टाळायची कामे आणि फेरतपासणीची तारीख लिहायला आग्रहाने सांगा. आणि अर्ध्या दिवसाच्या कामालाही विम्याचा लाभ मिळावा, असा ठराव हे अधिवेशन संपण्यापूर्वी मंजूर करून शासनाकडे पाठवा.