हातावरचे गोंदण आणि नोकरीची वाट



संयोजकांनी हा विषय दिला तेव्हा आम्हाला नवल वाटले. नोकरीसंबंधी बोलायचे तर अभ्यासावर बोलावे, गोंदणावर काय बोलणार? परंतु सातारा-सांगली भागात पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे पाहिली, त्यांतल्या कित्येकांच्या दंडावर, मानेवर निळी अक्षरे दिसली, आणि विषयाचे गांभीर्य कळले.

आमच्या परिचयातील एका मुलाची हकीगत सांगतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलाची भरती. लेखी परीक्षा पास, धावण्यात पुढे, आणि वैद्यकीय तपासणीत अपात्र! उजव्या दंडावर मोठ्या अक्षरांत 'जयभीम' आणि खाली अशोकचक्र. घरी येऊन तो म्हणाला, "नाव बघून काढलं मला." आम्हीही संतापलो. मग जाहिरात पुढे घेऊन बसलो.

तिच्यात स्पष्ट लिहिले होते. गोंदण चालते, पण डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूस किंवा पंजाच्या पाठीवर. उजवा हात सलामीचा, म्हणून तिथे आतल्या बाजूसही नाही. आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी हवा. मजकुराबाबत मात्र नियम उदार आहे. धार्मिक चिन्ह, आकृती, नाव, सारे चालते. म्हणजे पोराला 'जयभीम' नडले नव्हते, दंड नडला होता. तीच अक्षरे लहान करून डाव्या हाताच्या आतल्या बाजूला असती, तर हरकत नव्हती. सैन्याचा नियम थोडा निराळा आहे. तिथे दोन्ही हातांची आतली बाजू चालते, आणि गोंदणाची रूढी असलेल्या अनुसूचित जमातींना सवलत आहे. दंड, मान, छाती मात्र तिथेही नाही. यात्रेत दहा मिनिटांत गोंदवून घेणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? त्यात एकच सुई दहा जणांना लागली तर काविळीचा आणि एड्सचा धोका, तो वेगळाच. लेसरने काढायचे म्हटले तर अनेक खेपा लागतात, खर्च होतो, आणि डाग पूर्ण जाईलच असे नाही.

पण प्रत्येक वेळी जागाच नडते, असे समजणेही भाबडेपणाचे. खासगी कचेरीत असा लेखी नियम बहुधा नसतो. तिथे मुलाखत घेणाऱ्याची नजर हाच नियम. ही नजर आपल्या जिल्ह्याला जुनी आहे. १९०१ साली लहानगा भीमराव साताऱ्याहून वडिलांकडे निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. अंगात नवा सदरा, डोक्यावर जरीची टोपी, पायांत नवे बूट. पोशाख पाहून स्टेशनमास्तरांनी मुलांना ब्राह्मणाची समजले. मुलांनी जात सांगताच त्यांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि मालकाने शेजारून चालायचे, असे ठरले. कपडे उत्तम होते, तरी हे घडले.

तरीही बाबासाहेबांनी कपडे सोडले नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या आयाबहिणींना लुगडे नेसण्याची जुनी रीत आणि अस्पृश्यतेची ओळख पटवणारे दागिने टाकायला सांगितले. लादलेली खूण वेगळी आणि स्वखुशीने घेतलेली वेगळी. आमच्या आईच्या कपाळावरचे हिरवे ठिपके तिला कुणी विचारून काढले नव्हते. तुम्ही 'जयभीम' स्वतः काढता. म्हणून ते पुसा, असे आम्ही सांगणार नाही. मुलाखतीला पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घाला. त्यात लाज नाही, ती त्या दिवसाची तयारी आहे. नोकरी लागल्यावर बाह्या दुमडायला तुम्ही मोकळे आहात. (टायच्या गाठीवर मात्र आम्हाला विचारू नका. आमची आजही सरळ बसत नाही!)

तो मुलगा पुढच्या भरतीची तयारी करतो आहे. लेसरच्या दोन खेपा झाल्या, अक्षरे फिकट झाली आहेत, चक्र अजून ठळक आहे, आणि वयाची अट जवळ येते आहे. आपल्या संस्थेच्या फलकावर भरतीची जाहिरात लागते, पण बहुधा पहिलेच पान लागते. यापुढे वैद्यकीय निकषांचे पानही शेजारी लावावे, एवढी कार्यवाहांना विनंती आहे.