पाहुणा आणि गिऱ्हाईक

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी आमच्या काटेवाडीत येते, तेव्हा परीट मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात. त्याचं बिल होत नाही. अशा पाहुणचारात कुणी उणं काढत नाही.

हीच सवय घेऊन आम्ही एकदा एका महागड्या रिसॉर्टवर गेलो. खोली दरीकडची ठरली होती. खिडकी उघडली तर समोर जनरेटर! बायको म्हणाली, ‘जाऊ द्या, पाहुण्यानं नावं ठेवू नयेत.’ दोन रात्री धडधड ऐकली आणि पैसे मात्र पुरते मोजले.

पैसे मोजणारा पाहुणा नसतो, ते गिऱ्हाईक असतं. म्हणून आधी खोली बघा, मग सामान उतरवा. खोट दिसली तर व्यवस्थापकाला तिथंच शांतपणे, लेखी सांगा. फोटो, बुकिंगचा कागद, पावती जपा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. रिसॉर्ट कुठंही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर त्याला फी नाही.

भांडू नका, पण गप्पही राहू नका. पायघड्यांचं मोल करायचं नसतं. खोलीचं करायचं असतं.