वर्षाचा वाचनसंकल्प



साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तीत ४२ रात्री आहेत. चौथीच्या मुलाने रोज एक वाचली, तर दीड महिन्यात पुस्तक हातावेगळे होते. त्या मानाने वर्षाला पाच पुस्तकांचा संकल्प जड नव्हे.

अडचण निराळीच आहे. पुस्तक फाटल्यास भरपाई कोणी करावी, या धास्तीने कपाटास कुलूप राहते. आतील पुस्तके मग वाळवीच वाचते! वस्तुतः फाटलेले पान खळीने चिकटविता येते.

पाच मित्रांनी वर्षारंभी पाच निरनिराळी पुस्तके घ्यावीत व वाचून एकमेकांस द्यावीत. देताना आवडलेला प्रसंग तेवढा सांगावा. ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही, त्याच्या वाट्यासही अशाने पाच येतात. देवघेवीची नोंदवही मुलांच्याच हाती असावी.