बारालाचाच्या अलीकडून



आयोजकांनी मला आमच्या लडाख प्रवासावर बोलायला सांगितलं आहे. सुरुवात न पाहिलेल्या घाटापासून करतो.

आपल्या वर्गातले आम्ही चौघं जुलैत जरीपटक्याहून गाडीनं लेहला निघालो. चंडीगड, मनाली, मग 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा. अलीकडे देवदार, पलीकडे लाहौलचे उघडे डोंगर! तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात. पुढे तीच चिनाब. पुढचा पंप 365 किलोमीटरवर, असं तिथली पाटी सांगते. टाकी भरून घेतली.

आपलं नागपूर 310 मीटरवर. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. म्हणून जिस्पाला, 3,200 मीटरवर, दोन रात्री थांबलो. तिसऱ्या सकाळी झिंगझिंगबारच्या चढावर आमचा एक जण डोकं धरून बसला, मग त्याला उलटी झाली. हा आपल्या कबड्डी संघाचा कर्णधार, आजही रोज पाच किलोमीटर चालणारा. पण विरळ हवा तब्येत बघून त्रास देत नाही.

तो म्हणाला, "काहून वापस जाता बे? सरचूला झोपलो की बरं वाटेल."

सरचू आहे 4,300 मीटरच्या आसपास. रात्री त्रास वाढला तर मागे 4,890 मीटरचा बारालाचा, पुढे पाच हजारांवरचा लाचुंग ला. खाली उतरायचं, तर आधी चढायचं! घाट तासाभरावर होता, लेहचं बुकिंग झालेलं होतं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि गाडी वळवली. केलाँगला डॉक्टरांनी तपासलं. संध्याकाळी गड्यानं स्वतःहून चहा मागितला. आम्हाला तेवढं पुरे होतं.

पुढच्या वर्षी वाट बदलली. आपल्या कामठी रोडवरून जाणारा 44 क्रमांकाचा महामार्गच थेट श्रीनगरला नेतो. तिथून जोजी ला 3,528 मीटर, पण मुक्काम कारगिलला, 2,700 मीटरच्या आत. दुसऱ्या दिवशी 4,108 मीटरचा फोटू ला ओलांडून लेहला, 3,500 मीटरवर. म्हणजे घाट उंच, पण झोपायला खाली. फोटू लाच्या वळणांवर स्टिअरिंग आपल्या कर्णधाराच्याच हातात होतं.

मित्रांनो, आपण आता साठीच्या पलीकडे आहोत. दुखलं तरी "काही नाही" म्हणायची आपल्याला सवय. डोंगरात ती सवय जिवावर बेतते, आणि घरीही.

येत्या जूनमध्ये किन्नौरमार्गे स्पितीला जायचं ठरतंय. गाडीत दोन जागा आहेत. अट एकच: डोकं दुखलं तर लगेच सांगायचं. गाडी वळवायला आम्ही आहोत.