गेटच्या आतली जात: दिल्ली एनसीआरमधल्या सोसायट्यांविषयी

(दिल्लीतल्या विद्यार्थी आणि नोकरदार मित्रमैत्रिणींच्या अभ्यास बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीसाठी विषय विचारला गेला तेव्हा मी 'सोसायटीत राहणं' असं सांगितलं. त्यावर एका मित्राचा लगेच फोन आला: "अगं, लिफ्ट आणि पार्किंगवर तू काय बोलणार?" मी म्हटलं, लिफ्टवरच बोलणार आहे.

इथे बसलेले आपण बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहोत. कुणी नोएडात आयटीत आहे, कुणी गुरुग्रामला बँकेत, कुणी माझ्यासारखं फेलोशिपची वाट बघत पीएच.डी. करतंय. गावाकडे आपल्याला पत्ता सांगावा लागत नाही. भीमनगर, बौद्धवाडा, मातंगवाडा एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. इथे पत्ता असतो टॉवर सी, फ्लॅट अमुक. त्यामुळे आपल्याला वाटतं की आता पत्त्यावरून कुणाला काही कळणार नाही.

ही आशा काही खुळी नाही. खेड्याविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत जे कठोर मत मांडलं, त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने गाव सोडलं, मुंबईच्या बीडीडी चाळी गाठल्या, गिरणीत आणि गोदीत काम केलं, मुलं शिकवली. शहराने आपल्याला बरंच काही दिलं. पण त्याच बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात, म्हणजे शहरातच, भाड्याने खोली मिळाली नव्हती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत असलेला माणूस पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिला. ते उघड झाल्यावर लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे पदवी, नोकरी आणि शहर हे तिन्ही हातात असूनही घराचं दार बंदच राहू शकतं, हे आपल्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राम या पाच शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सारखीच नोकरी आणि सारखंच उत्पन्न सांगणारे सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अर्जदार घरमालकांकडे चौकशी करत होते. फोनवर एकाही सवर्ण अर्जदाराला नकार मिळाला नाही. दलितांपैकी १८ टक्क्यांना थेट नकार मिळाला आणि २३ टक्क्यांना जास्तीच्या अटी घातल्या गेल्या. प्रत्यक्ष भेटीत दलितांना मिळालेला नकार ४४ टक्क्यांवर गेला आणि मुस्लिमांना मिळालेला ६१ टक्क्यांवर. समोरासमोर नकार वाढला, हे लक्षात घ्या. ओळख झाली की माणसं जवळ येतात असं आपल्याला शिकवलं जातं. इथे उलट झालं.

हा आकडा मी वाचला तेव्हा मला तो ओळखीचा वाटला. मी आणि दोन मैत्रिणी नोएडात फ्लॅट शोधत होतो. ब्रोकरचे प्रश्न ठरलेले: बॅचलर की फॅमिली? नॉनव्हेज? आणि मग, "पूरा नाम बताइए." मी गायकवाड म्हटलं. तो खूश झाला. "अच्छा, बड़ौदा वाले!" आपल्याकडे हे आडनाव मराठ्यांतही आहे आणि बौद्धांतही, पण त्याला फक्त राजघराणं ठाऊक होतं. मालकिणीने मात्र फोनवर नेमकं विचारलं, "मराठा हो?" मी म्हटलं, "नहीं, हम बौद्ध हैं." दोन मिनिटांत ब्रोकरचा निरोप आला की आंटींना फॅमिलीच हवी आहे. फ्लॅट दाखवताना आंटींना माहीत होतं की आम्ही तिघी मुली आहोत. नकार जातीमुळे दिला असं कुणीच म्हणत नाही. 'बॅचलर', 'नॉनव्हेज', 'कल्चर' असे शब्द त्या कामासाठी तयार असतात.

घर मिळालं की दुसरा टप्पा सुरू होतो. आत राहणाऱ्यांच्या तक्रारी तुम्ही रोज ऐकता: मेंटेनन्स वाढला, पाणी खारं आहे, दोनपैकी एक लिफ्ट बंद आहे, गाडीच्या जागेवर दुसऱ्याने गाडी लावली. नोएडा आणि ग्रेटर नोएडातल्या अनेक सोसायट्यांत वीजही थेट घरात येत नाही. पूर्ण सोसायटीला एक कनेक्शन आणि घराघरात प्रीपेड मीटर असतं. मेंटेनन्सचे पैसे त्याच मीटरमधून कापले जातात आणि बॅलन्स संपला की मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद पडतो. हा जाच खरा आहे आणि त्याविरुद्ध लोक लढतातही. नोएडा सेक्टर ९३एमधल्या एमराल्ड कोर्टच्या रहिवाशांनी बिल्डरच्या बेकायदा टॉवरविरुद्ध उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ ला ते जुळे टॉवर पाडले गेले. सोसायटीतल्या माणसांना हक्क कळतात, वर्गणी काढता येते, वकील करता येतो, याचा हा पुरावा आहे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की ही संघटित ताकद कुणासाठी वापरली जाते आणि कुणावर?

उत्तर प्रदेशचा अपार्टमेंट कायदा २०१० चा आहे. त्यानुसार बनणारी संघटना ही फ्लॅटमालकांची असते. दिल्लीत २००० साली 'भागीदारी' योजना आली आणि आरडब्ल्यूएंना थेट सरकारी अधिकाऱ्यांसमोर खुर्ची मिळाली. झोपडपट्टीतल्या संघटनांना तशी खुर्ची मिळाली नाही. आपल्यापैकी बहुतेक जण भाडेकरू आहेत. आपण मेंटेनन्स भरतो, पण आपल्याला मत नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपूर्वी जमीन होती, त्यांच्याकडे आज फ्लॅट आहे आणि ज्यांच्याकडे फ्लॅट आहे ते नियम करतात. गावात जमीन जे काम करत होती, ते इथे मालकी हक्क करतो.

एक उदाहरण देते. गेल्या वर्षी आम्ही सहा घरांनी मिळून १४ एप्रिलसाठी आमच्या सोसायटीचा कम्युनिटी हॉल मागितला. लेखी अर्ज दिला, भाडं भरायची तयारी दाखवली. तीन दिवसांनी उत्तर आलं: राजकीय कार्यक्रमांना हॉल मिळत नाही. त्याच हॉलमध्ये माता की चौकी होते, करवा चौथ होतो, दिवाळी मेळा होतो, गणपतीही बसतो. गणपतीच्या वर्गणीसाठी तर पहिला फोन आम्हालाच येतो, कारण आम्ही मराठी. नियम कुठला, तो दाखवा, असं आम्ही लेखी विचारलं. उत्तर नाही. शेवटी जयंती आमच्या हॉलमध्येच झाली, म्हणजे फ्लॅटमधल्या. बावीस माणसं होती, जागा दहाजणांची. ड्यूटी संपवून हाऊसकीपिंगचे चार जण आले. त्यातले एक काका, बुलंदशहरचे, म्हणाले, "बाबासाहब की फोटो बेसमेंट में है. अलमारी के दरवाज़े के अंदर लगा रखी है, बाहर लगाने नहीं देते."

म्हणजे या इमारतीत बाबासाहेब आधीपासून होते. ते बेसमेंटमध्ये होते आणि आपल्याला माहीत नव्हतं.

बेसमेंटचा विषय निघालाच आहे, तर तो नीट पाहू. कामवाल्या बाई, डिलिव्हरीवाले, सफाई कामगार यांनी सर्व्हिस लिफ्टनेच जायचं, असा नियम अनेक टॉवरमध्ये आहे. कारण सांगितलं जातं 'हायजीन' आणि 'सिक्युरिटी'. माझी मावशी परभणीहून आली होती, सुती लुगडं, हातात पिशवी. गार्डने विचारलं, "किसके यहाँ काम करती हो?" आणि सर्व्हिस लिफ्टकडे बोट दाखवलं. मी खाली गेले तेव्हा गार्ड घाबरला. बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या त्या माणसावर रागावून उपयोग नव्हता. कुणाला कुठल्या लिफ्टने पाठवायचं हे त्याला शिकवलं गेलं होतं, आणि मुख्य लिफ्टने चुकून कुणी गेलं तर पगार त्याचा कापला जातो. मावशी मात्र शांतपणे म्हणाली, "अगं, मी गावात हेच तर करत होते. कामालाच जात होते." तिला कामवाली समजलं गेलं यात अपमान नाही. कामवाल्या बाईसाठी वेगळी लिफ्ट असणं, हा अपमान आहे.

आणि त्याही खाली सांडपाण्याची टाकी असते. ९ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत मोतीनगरच्या डीएलएफ कॅपिटल ग्रीन्स या संकुलात सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या टाकीत पाच कामगार मरण पावले. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावणाऱ्यांच्या वारसांना ३० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. पण तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत टाकी कोण साफ करतो, कशी करतो, कोणत्या साधनांनी करतो, हे कुणी विचारल्याचं मला अजून भेटलेलं नाही. लिफ्टच्या आरशावर अर्धा तास चर्चा होते.

गेटवरही हेच. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या झोमॅटो कंपनीने शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या कपड्यातले वेगळे डिलिव्हरीवाले जाहीर केले. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वेगळा रंग मागे घेतला. कारण देताना कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं की लाल कपड्यातल्या मुलांना मांसाहाराशी जोडून आरडब्ल्यूए किंवा सोसायट्या अडवतील अशी भीती आहे. म्हणजे सोसायटीच्या गेटवर काय चालतं, हे एवढ्या मोठ्या कंपनीलाही ठाऊक होतं.

मग कायदा काय म्हणतो? इथे दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात. २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा उपनियम वैध ठरवला. 'आमची संस्था, आमचे लोक' म्हणणाऱ्यांना या निकालाने बळ मिळालं. दुसरीकडे, नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्याला किंवा तिथे राहण्याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं, तर ते अस्पृश्यतेमुळेच घडलं असं न्यायालयाने धरून चालायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही आला. अडचण पुराव्याची आहे, कारण नकार तोंडी असतो आणि त्यात जातीचा शब्द नसतो.

इथे महाराष्ट्राची एक गोष्ट आठवते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत मुलुंडला एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारली, 'महाराष्ट्रीयांना देत नाही' म्हणून. दोन दिवस पूर्ण महाराष्ट्र संतापला होता, सगळे पक्ष बोलले. संताप बरोबरच होता. पण पुण्यात, नाशकात, ठाण्यात बौद्ध आणि मुस्लिम कुटुंबांना वर्षानुवर्षं हेच उत्तर मराठी मालक देतात, तेव्हा तो संताप कुठे असतो? 'मराठी म्हणून नाकारलं' हे अन्याय म्हणून लगेच समजतं. 'जात म्हणून नाकारलं' म्हटलं की आपल्याला पुरावा मागितला जातो.

शेवटी, करायचं काय. मी तीन-चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली, सगळं लेखात आणा. नकार मिळाला की मेसेज करून कारण विचारा, स्क्रीनशॉट ठेवा, तारीख लिहून ठेवा. सोसायटीने 'नियम' म्हटलं की उपनियमांची प्रत मागा. दुसरी, भाडेकरू असलात तरी एकटे राहू नका. आपली घरं शोधा, मुस्लिम शेजाऱ्यांशी बोला, आणि एक-दोन मालक सोबत घ्या. यंदा आमच्या जयंतीच्या अर्जावर दोन मालकांच्या सह्या होत्या आणि हॉल मिळाला. अट घातली की घोषणा नकोत. आम्ही लेखी विचारलं, 'गणपती बाप्पा मोरया' ही घोषणा धरायची का? उत्तर आलं नाही. जयंती झाली, जय भीमही झाला, आणि बेसमेंटमधले काका पहिल्या रांगेत बसले.

तिसरी, मालकाच्या सहीने सभेत प्रश्न मांडता येतो, तो मांडा. टाकी यंत्राने साफ होते का? गार्डला आठवड्याची सुट्टी मिळते का? कामगारांना प्यायचं पाणी आणि शौचालय कुठे आहे?

आणि चौथी आपल्या स्वतःच्या घरासाठी. आपल्यापैकी अनेकांची आई, आजी, आत्या दुसऱ्यांच्या घरी भांडी घासून आपल्याला शिकवत होती. आज आपल्या घरी कुणी येऊन भांडी घासते. तिचा कप वेगळा ठेवू नका. तिला महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या द्या. ती आजारी पडली तर पगार कापू नका. आणि तिच्यासोबत मुख्य लिफ्टने या, गार्ड काय म्हणतो ते बघू.

फ्लॅट घ्यायला आपल्याला वेळ लागेल. काहींना कर्ज मिळेल, काहींना मिळणार नाही. पण गेटच्या आत कोण कसं जगेल, हा प्रश्न आपण मालक होईपर्यंत थांबवून ठेवायची गरज नाही.

जय भीम.