कर्णाचे ऋण आणि विकर्णाचा शब्द



शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ पासून कर्णाला मराठी घराघरांत पोहोचविले. त्याच्यावरील अन्यायाने आपले मन द्रवते, हे स्वाभाविकच आहे. भर रंगमंडपात कुळाची पृच्छा होताच त्याची मान खाली गेली. तेव्हा दुर्योधनाने त्याला अंगदेशाचे राज्य दिले. ते ऋण कर्ण आमरण विसरला नाही.

परंतु द्यूतसभेत काय घडले? आधी स्वतःलाच हरलेल्या युधिष्ठिराला द्रौपदीला पणास लावण्याचा अधिकार उरत नाही, असे दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण निर्भयपणे म्हणाला. त्याला पोरकट ठरवून गप्प बसविले ते कर्णाने. द्रौपदीची वस्त्रे हिरावून घेण्यास सांगितले तेही त्यानेच. दुर्योधनाच्या संतोषासाठी पांडवांना कटु बोललो, याचा ताप होतो, अशी कबुली त्याने युद्धापूर्वी श्रीकृष्णाजवळ दिली. पण ज्याच्यासाठी बोलला, त्याला सभेतच आवरले असते तर?

विकर्णही अखेर कौरवांच्याच बाजूने लढून पडला. निष्ठा त्याचीही अढळच होती. मात्र तिने त्याची वाणी बांधली नाही. आपल्या माणसाला वेळीच न रुचणारे सत्य सांगणे, हीदेखील ऋणफेडच होय.