गळ्यात माळ, ताटात भाकरी
(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात झालेले व्याख्यान)

दिंडीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांत वीणा कोणाकोणाच्या गळ्यात होती, कोणत्या मुक्कामाला कोणी आसरा दिला, हे आधीच्या मंडळींनी सांगितलं. मला विषय दिलाय आहाराचा. माझी सगळी नोकरी शेतीखात्यात गेली, त्यामुळं ताटाबद्दल बोलायचं तर मी शेतापासूनच सुरू करणार. गोड मानून घ्या.

वारकऱ्याची ओळख म्हणजे गळ्यातली तुळशीची माळ. माळ घातली की मांस-मद्य सुटलं, एकादशी आली, वारी आली. मांस सोडण्यामागं आपल्याकडं दया आहे. मुक्या जीवाला आपल्यासाठी मरावं लागू नये, एवढा साधा विचार. आता शास्त्रज्ञ मंडळी त्याच ठिकाणी दुसऱ्या वाटेनं पोचली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ साली हिशेब मांडला. माणसाच्या उद्योगामुळं हवेत जे उष्णता धरून ठेवणारे वायू जातात, त्यांतले साधारण साडेचौदा टक्के पशुपालनातून जातात. गाय, म्हैस, शेळी रवंथ करतात, त्यांच्या ढेकरातून मिथेन वायू बाहेर पडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरतो. त्यात मांसासाठी जनावरं वाढवायची म्हणजे त्यांना आधी धान्य चारावं लागतं. जे धान्य माणसाचं पोट थेट भरू शकतं, ते जनावराच्या पोटातून फिरून येतं आणि वाटेत बरंच संपतं. तिकडं ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनचं जंगल मोठ्या प्रमाणावर तुटलं ते गुरांच्या कुरणांसाठीच.

तुम्ही म्हणाल, ब्राझीलच्या जंगलाचं आम्हाला काय? हवेला शिवार नसतं, बाप्पा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण पाहिलं. आणि सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला आपल्याच परभणी-हिंगोलीत असा पाऊस झाला की उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं. दुष्काळ आणि अतिवृष्टी पूर्वीही होत्या. पण हवा तापत जाते तशा दोन्ही गोष्टी जास्त बळावतात, असं अभ्यासक सांगतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो. माळ ही दुसऱ्याच्या ताटात डोकावायला दिलेली नाही. कोणी मासळीवर जगतो, कोणा गरिबाच्या लेकराला अंड्यातून ताकद मिळते. त्यांचा उपहास करणं हा वारकरी धर्म नाही. आणि आपल्या गोठ्यातल्या गाईला दोष देऊ नका. मिथेन तिच्याही ढेकरात आहे, खोटं कशाला बोला. पण ती कडबा खाते, शेण देते, तिच्या बैलांवर पिढ्यान् पिढ्या शेती चालली.

आता आपल्याकडं वळू. माळेनं ताटातून मांस काढलं. पण त्या जागी काय वाढायचं, हे माळ सांगत नाही. ते आपण ठरवतो. आणि तिथं आपलं घसरलंय. पंगतीचं ताट आठवा. मैद्याची पुरी, वर तेलाचा तवंग असलेली बटाट्याची रस्साभाजी, पांढरा भात, बुंदी. सगळं शाकाहारी, पण त्यात पालेभाजी नाही, डाळ बेताची आणि भाकरी तर दिसतच नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात देशातले मधुमेही दहा कोटींच्या वर निघाले. आपल्या दिंडीत पिशवीत साखरेच्या नाही तर बीपीच्या गोळ्या असलेली माणसं किती, ते मुक्कामाला मोजा. मग बुंदी कोणाला वाढतो आपण?

एकादशीचंही तसंच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यावर तूप आणि तळलेले बटाटे. त्यापेक्षा भगर, राजगिरा, दाण्याची आमटी आणि ताक बरं. पोटाला विसावा द्यायचा दिवस आहे तो.

आपल्या जिल्ह्याला जनाबाईचं माहेर लाभलंय, गंगाखेड. जनाबाईच्या जात्याला साक्षात विठ्ठलानं हात लावला, असं आपण मानतो. आपल्या भागात जात्यावर दळली जायची ती ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो खाऊन दिवस काढलेली माणसं इथं बसली आहेत, त्यांना घरच्या ज्वारीची किंमत सांगायला नको. त्याच १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झालं. तिथून परभणी मोती, परभणी ज्योती ही रब्बी ज्वारीची वाणं निघाली. २०१८ साली परभणी शक्ती आलं, ज्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. बायाबापड्यांच्या अंगात रक्त कमी असतं, त्यांच्यासाठी हे मोठं काम आहे.

रब्बी ज्वारी काळ्या रानातल्या मुरलेल्या ओलीवर येते. उसासारखं वर्षभर पाणी मागत नाही. माणसाला भाकरी, गुराला कडबा. सोबत तुरीचं तास असेल, फेरपालटाला हरभरा असेल, तर त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, तेवढा युरिया कमी लागतो. युरिया करायला इंधन जळतं, आणि शेतात टाकल्यावर त्यातून नायट्रस ऑक्साइड उडतो. तो मिथेनपेक्षाही जहाल. म्हणजे वरण-भाकरीचं ताट आरोग्याचंही आहे आणि पाण्या-पावसाचंही.

मग ज्वारी गेली कुठं? शेतकरी काही वेडा नाही. सोयाबीनला रोख पैसा आहे, ज्वारीला मजूर मिळत नाही, पाखरं राखावी लागतात. पण एक बघा, सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणारी पेंड मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपण माळकरी, आणि आपलं रान दुसऱ्याच्या कोंबड्या पोसतंय. सोयाबीन सोडा, असं मी म्हणणार नाही. घरची भाकरी निघेल एवढी ज्वारी तरी पेरा, आणि चार बांधभाऊ मिळून पेरा. एकट्याच्याच रानात कणसं असली की सगळी पाखरं तिथंच उतरतात.

दिंडीनं शंभराव्या वर्षी एवढं करावं, अशी विनंती आहे.

पहिलं, वाटेवरच्या मुक्कामाला एका जेवणात भाकरी, घट्ट वरण किंवा पिठलं आणि एक पालेभाजी. आचाऱ्याला शेकडो भाकऱ्या थापणं होत नाही, हे खरं. सप्ताहाला आपण घरटी पाच भाकरी गोळा करतो, तसंच मुक्कामाच्या गावाला सांगावं. सोबत सोलापूरकडची कडक भाकरी घ्यावी, ती दिवसचे दिवस टिकते.

दुसरं, गोड रोज नको. द्वादशीला, काल्याला असू द्या.

तिसरं, ताक रोज द्या. निव्वळ शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं, ते दूध-दह्यातून थोडं मिळतं. हातापायाला मुंग्या, सारखा थकवा असेल तर रक्त तपासून घ्या. भाकरीसोबत लिंबाची फोड असावी, म्हणजे लोह अंगी लागतं. आणि ज्वारी हे औषध नाही, डॉक्टरच्या गोळ्या मनानं बंद करू नका.

चौथं, वाढप्यांनी थोडं-थोडं वाढावं, मागेल त्याला पुन्हा द्यावं. टाकलेल्या अन्नात शेतकऱ्याचं पाणी, बैलाची मेहनत, आचाऱ्याचं सरपण सगळं वाया जातं. खड्ड्यात कुजलं की त्यातूनही मिथेनच निघतो.

यंदाच्या वारीत एवढं जमलं, तर पुढच्या शंभर वर्षांची पहिली पंगत चांगली बसली असं मी म्हणेन. माझं बोलणं संपलं, महाप्रसादाची वेळ झाली. आज बुंदी आहे, ती थोडी घ्या.

रामकृष्ण हरी.